नो मॅन्स स्काय: क्रोमॅटिक मेटलसाठी तांबं उकरत बसू नका

उल्कापात (धागाकर्ता)

परवा या अंतराळ-भटकंतीच्या व्हिडिओ गेममध्ये नवा सेव्ह (पहिल्यापासून नवा डाव) सुरू केला. दोन संध्याकाळी नुसतं तांबं खणण्यात गेल्या, तरी यानात हायपरड्राईव्ह (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायचं यंत्र) नाही तो नाहीच. शेवटी कागद-पेन घेऊन बसलो आणि हिशेब मांडल्यावर स्वतःवरच हसू आलं. आधीच्या सेव्हमध्ये दोनशे तास घालवूनही हे साधं गणित मी कधी केलंच नव्हतं.

हायपरड्राईव्हला १२५ क्रोमॅटिक मेटल (खणलेले धातू गाळून मिळणारा धातू) आणि ५ मायक्रोप्रोसेसर लागतात. आपलं लक्ष त्या १२५ वर असतं, पण एकेक मायक्रोप्रोसेसर ४० क्रोमॅटिक मेटल खातो, वर एक कार्बन नॅनोट्यूब. म्हणजे खरा आकडा ३२५. पिवळ्या ताऱ्याच्या सिस्टिममध्ये मिळतं तांबं, आणि रिफायनरमध्ये (धातू गाळायच्या यंत्रात) २ तांब्यांचं १ क्रोमॅटिक मेटल होतं. म्हणजे एका ड्राईव्हसाठी ६५० तांबं. त्यानंतर प्रत्येक वॉर्प सेलमागे (ड्राईव्हच्या इंधनामागे) त्यात लागणाऱ्या अँटिमॅटरसाठी आणखी २५ क्रोमॅटिक, म्हणजे ५० तांबं. ही गळती कायमची.

आता हेच दुसऱ्या रंगाच्या ताऱ्यांपाशी करून बघा. लाल ताऱ्यापाशी कॅडमियम मिळतं, ते एकास एक. हिरव्यापाशी एमेरिल, २ चे ३. निळ्यापाशी इंडियम, १ चे २. तेच ३२५ क्रोमॅटिक हवं असेल तर तांबं ६५०, कॅडमियम ३२५, एमेरिल २१८ आणि इंडियम फक्त १६३ खणावं लागतं. हवामान अति टोकाचं असलेल्या ग्रहांवर याच धातूंचे 'अ‍ॅक्टिव्हेटेड' प्रकार सापडतात, तिथे तर चैनच आहे. अ‍ॅक्टिव्हेटेड तांबं एकास एक, कॅडमियम १ चे २, एमेरिल १ चे ३, इंडियम १ चे ४. म्हणजे ८२ अ‍ॅक्टिव्हेटेड इंडियममध्ये जे काम होतं, त्यासाठी मी ६५० तांबं उपसत होतो!

तर माझं म्हणणं एवढंच की हातातलं यंत्र, बीमची अपग्रेड्स, रिफायनर लहान की मोठा, या सगळ्याच्या आधी डोक्यावर कुठल्या रंगाचा तारा आहे ते बघा. लाल ताऱ्यापर्यंत नेणारा ड्राईव्ह बसला की पिवळ्या ताऱ्यांमध्ये एक कुदळही मारू नका. तुम्ही मंडळी काय करता?

---

नवशिका

वाखुसा (वाचनखूण साठवली)! पण एक शंका. लाल ताऱ्याकडे जायला कॅडमियम ड्राईव्ह लागतो ना? नकाशात लाल तारा निवडला की जाताच येत नाही. मग तिथे पोचायचं कसं? हे म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीतच पडलाय, असं झालं.

---

उल्कापात

@नवशिका, रास्त शंका आहे. पहिल्या ६५० तांब्याला इलाज नाही, ते मुकाट्याने खणायचं. त्यापुढची उडी मात्र डोळसपणे घ्यायची. कॅडमियम ड्राईव्हला २५० क्रोमॅटिक मेटल आणि ३ वायरिंग लूम (यंत्रात बसवायचे तयार सुटे भाग) लागतात. म्हणजे आणखी ५०० तांबं, आणि तिथे तांब्याचा हिशेब मिटला. कारण एमेरिल ड्राईव्ह मागतो २५० कॅडमियम आणि ४ लूम, इंडियम ड्राईव्ह मागतो २५० एमेरिल आणि ५ लूम. पुढच्या दाराची किल्ली दरवेळी आधीच्या खोलीत ठेवलेली असते. ही रचना मला फार आवडते. लूम स्पेस स्टेशनवर विकत मिळतात, ड्राईव्हच्या ब्लूप्रिंटला (आराखड्याला) नॅनाइट्स (खेळातलं एक चलन) मोजावे लागतात.

बहुतेक लोक पहिला ड्राईव्ह बसवून पिवळ्यातून पिवळ्यात उड्या मारत राहतात. मीही तेच केलं होतं. त्यात फक्त तांबं जळतं.

---

खाणकामगार

हिशेब पटला. पण '६५० मुकाट्याने खणा' म्हणून तू पुढे गेलास, आणि नवे लोक खेळ सोडून जातात ते नेमकं तिथेच. म्हणून थोडं खणण्याबद्दल.

पहिली गोष्ट, टेरेन मॅनिप्युलेटरच्या (जमीन खणायच्या हातातल्या यंत्राच्या) खड्ड्याचा आकार सगळ्यात लहान करा. मोठा गोळा घेतला की साठा भराभर नाहीसा होतो, पण हातात कमी येतं. लहान करून खणलं की वेळ लागतो खरा, पण त्याच ढिगातून एकूण माल बराच जास्त निघतो. मी कितीतरी दिवस उलटं करत होतो, कारण मोठा खड्डा दिसायला बरा वाटतो.

दुसरी गोष्ट, वरून उकरू नका. व्हायझरने (हेल्मेटच्या स्कॅनरने) साठा हेरा, शेजारून तिरकं भुयार पाडा आणि साठ्याच्या पोटात शिरा. वर जे दिसतं ते नुसतं डोकं असतं, खरा माल खाली. आत शिरल्यावर वादळाचा त्रास नाही, सूटच्या संरक्षणाला लागणारं सोडियम वाचतं. सेंटिनल (ग्रहांवर पहारा देणारे रोबो) डोक्यावर घिरट्या घालू लागले तरी जमिनीखाली त्यांना तुम्ही दिसत नाही. थोडा वेळ गप्प बसा, ते आपोआप निघून जातात.

तिसरं म्हणजे मॅनिप्युलेटर स्वतः फेराईट खातो. निघण्याआधी वाटेतल्या चार-दोन शिळा फोडून फेराईट डस्ट जवळ ठेवा. भुयाराच्या तळाशी जाऊन चार्ज संपला की फार चिडचिड होते.

---

नवशिका

अरे देवा. मी आत्तापर्यंत सगळ्यात मोठा आकार लावून खणत होतो. तीन ढिगारे साफ केले आणि हातात ४०० सुद्धा नाही.

---

खाणकामगार

@नवशिका, त्या तीन ढिगांना श्रद्धांजली. चौथ्यापासून सुधार.

---

चांदणचुरा

मला हा धागा वाचून गंमत वाटतेय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'बियॉन्ड' अपडेट आलं, वीज आली, एक्स्ट्रॅक्टर (आपोआप खणणारी यंत्रं) आले, आणि तुम्ही अजून हातात मॅनिप्युलेटर घेऊन भुयारं पाडताय?

व्हायझरला सर्व्हे डिव्हाइस लावा. ग्रहावर खनिजाचे हॉटस्पॉट सापडतात, सी पासून एस (सगळ्यात उत्तम) पर्यंत प्रतीचे. तिथे बेस कॉम्प्युटर ठोका, मिनरल एक्स्ट्रॅक्टर बसवा, वीज द्या, पाइपाने सप्लाय डेपो जोडा. एक्स्ट्रॅक्टरच्या पोटात फक्त २५० मावतं, म्हणून डेपो हवाच. एका डेपोत १०००. तुम्ही खेळत नसलात, झोपलात, कामावर गेलात, तरी धातू साठत राहतो. मी निळ्या ताऱ्याच्या एका जळत्या ग्रहावर अ‍ॅक्टिव्हेटेड इंडियमची अशी खाण लावली आहे. गेल्या महिन्यात मी एकदाही खणलेलं नाही.

विजेबद्दल एक सांगते. सुरुवातीला सगळे सोलर पॅनेल लावतात, रात्री बंद पडतं म्हणून बॅटऱ्या लावतात, मग बॅटऱ्यांची रांग लागते. त्यापेक्षा त्याच सर्व्हे डिव्हाइसने विद्युतचुंबकीय हॉटस्पॉट शोधा आणि तिथे जनरेटर बसवा. तो दिवस-रात्र चालतो. खनिजाचा आणि विजेचा हॉटस्पॉट एकमेकांजवळ असणं हीच खरी लॉटरी. मी जागा निवडताना धातूच्या प्रतीपेक्षा या दोघांतलं अंतर आधी बघते. ए प्रतीचा धातू आणि शेजारी वीज, हे एस प्रतीचा धातू आणि मैलभर तारा यापेक्षा कधीही बरं.

एक चूक मात्र करू नका, जी मी केली. सगळं छान दिसावं म्हणून बॅटऱ्या जमिनीत खड्डा खणून खाली ठेवल्या. काही दिवसांनी परत आले तर खोलीभर माती. खणलेली जमीन कायमची खणलेली राहत नाही, जुने खड्डे पुन्हा भरून येतात. बांधकाम जमिनीच्या वर किंवा नैसर्गिक गुहेतच करा. माझाच नसता शहाणपणा, दुसरं काय.

---

उल्कापात

ताई, खाणीला विरोध नाहीच. पण बघा ना, तुम्हीही ती निळ्या ताऱ्यापाशीच लावलीत. पिवळ्या ताऱ्यापाशी कितीही झकास एक्स्ट्रॅक्टर लावला तरी निघणार तांबं, आणि रिफायनरमध्ये त्याचं अर्धंच होणार. यंत्र बदललं तरी गणित तेच.

---

जुनाखोड

बाळांनो, चालू द्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये खेळ आला तेव्हापासून मी यात आहे. तेव्हा क्रोमॅटिक मेटल नव्हतंच. हेरिडियमचे उंच खांब फोडायचो, प्लुटोनियमचे लाल स्फटिक वेचायचो, थेमियम-९ शोधत फिरायचो. २०१८ च्या जुलैमध्ये 'नेक्स्ट' आलं आणि एका रात्रीत कोठारातल्या मालाची नावं बदलली. पाठ केलेलं सगळं वाया. तेव्हापासून कुठल्याही धातूवर जीव लावायचा नाही असं ठरवलंय.

आता मुद्द्याचं. एवढं क्रोमॅटिक मेटल तुम्हाला कशाला हवंय? चार ड्राईव्ह एकदा बसले की संपलं. मग राहतात वॉर्प सेल आणि अधूनमधून थोडं बांधकाम. खिशात पाचशे ठेवा आणि निघा. चांदणचुराबाई महिनाभर खणल्या नाहीत म्हणून खूश आहेत, पण महिनाभरात त्या इंडियमचं काय केलं ते विचारा.

(दिवे घ्या हो, म्हणजे गमतीने घ्या.)

---

चांदणचुरा

दिवे घेतले. विकलं! आणखी काय करणार? अ‍ॅक्टिव्हेटेड इंडियम खाणीतून थेट बाजारात जातं, रिफायनरमधून फिरवायचीही गरज नसते. त्यातूनच माझी मालवाहू नौका आली. एका सिस्टिममध्ये एकदम ढीगभर ओतलं की तिथला भाव पडतो, म्हणून तीन-चार सिस्टिमच्या स्टेशनवर टेलिपोर्टरने फिरून विकते. पडलेला भाव थोड्या दिवसांनी परत वर येतो.

---

जुनाखोड

म्हणजे तुमचा धागा 'पैसे कसे कमवावेत' हा झाला. उल्कापातचा धागा 'उडायचं कसं' हा आहे. दोन वेगळे खेळ आहेत हे. ज्याला फक्त पुढचा तारा बघायचाय त्याला पाइपलाइन टाकायला सांगणं म्हणजे सायकल शिकणाऱ्याला कारखाना काढायला सांगण्यासारखं आहे.

---

खाणकामगार

जुनाखोडकाकांना अनुमोदन. आणि काका असूनही त्यांची भुयारं माझ्यापेक्षा खोल असतात, हे मी मल्टिप्लेअरमध्ये पाहिलंय.

---

वर्णपट

थोडं अवांतर, पण रंगांचा विषय निघालाय म्हणून राहवत नाही.

नकाशात ताऱ्याशेजारी वर्णपटाचं अक्षर दिसतं. पिवळे म्हणजे एफ आणि जी, लाल म्हणजे के आणि एम, निळे म्हणजे ओ आणि बी. हे खऱ्या खगोलशास्त्रातलंच वर्गीकरण आहे. आपला सूर्य जी वर्गातला. हिरव्यांना खेळात ई दिलंय, ते मात्र मनचं, कारण डोळ्याला हिरवा दिसणारा तारा खऱ्या आकाशात नसतो. ज्या ताऱ्याचा सगळ्यात जास्त प्रकाश हिरव्याच्या आसपास असतो, त्याच्यातून बाकीचे रंगही भरपूर येतात आणि एकूण तो पांढरा दिसतो. सूर्याचं तेच आहे.

आणि म्हणूनच की काय, चौघांपैकी एमेरिल हा एकटाच धातू काल्पनिक आहे. तांबं, कॅडमियम, इंडियम हे तिन्ही खरे. काल्पनिक रंगाच्या ताऱ्याला काल्पनिक धातू! मुद्दाम केलं की योगायोग, कोण जाणे.

इंडियमची गोष्ट तर याहून मजेशीर. १८६३ साली जर्मनीत फर्डिनांड राईश हे जस्ताचं खनिज तपासत होते. त्यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपटातल्या रेषा बघायला त्यांनी सहकारी थिओडोर रिश्टर यांना बसवलं. रिश्टरना कुठल्याही ज्ञात धातूशी न जुळणारी एक गडद निळी रेषा दिसली. त्या इंडिगो रंगावरून धातूचं नाव इंडियम पडलं. खेळात निळ्या ताऱ्यापाशी इंडियमच का मिळतं, याचं उत्तर बहुधा तिथे आहे. आणि इंडिगो हा शब्द मुळात 'भारतातली' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय, नीळ इथून जायची म्हणून.

---

धूसर

@वर्णपट, हा प्रतिसाद मला अगदी घरचा वाटला. मलाही लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही. नकाशात लाल तारा आणि हिरवा तारा मला जवळपास सारखेच. बराच काळ मी अंदाजाने तारा निवडायचो, आणि 'ड्राईव्ह नाही' असा संदेश आला की दुसरा. मग एकदा ते अक्षर लक्षात आलं. आता रंग बघतच नाही. के किंवा एम दिसलं की कॅडमियम, ई दिसलं की एमेरिल. पुढचे आकडे आणि बारकी अक्षरं सोडून द्यायची, पहिलं अक्षर पुरे.

राईशसाहेबांना माझा सलाम सांगा.

---

उल्कापात

काय सुंदर प्रतिसाद आलेत दोन्ही. धूसर, तुमची युक्ती मी मूळ लेखात टाकायला हवी होती. रात्री अंधारात स्क्रीनचा उजेड कमी करून खेळताना मलाही लाल-पिवळ्यात गोंधळ होतो.

---

नवशिका

अजून एक विचारतो, रागावू नका. कुठेतरी ऐकलं की ऑक्सिजन घालून धातू वाढवता येतो. मग क्रोमॅटिक मेटल पण वाढवता येईल का?

---

चांदणचुरा

रागवायचं काय त्यात. क्रोमॅटिक मेटल तसं वाढत नाही. ऑक्सिजनची ती जादू क्लोरीन, आयोनाइज्ड कोबाल्ट आणि कंडेन्स्ड कार्बन यांच्यासाठी आहे. १ क्लोरीन आणि २ ऑक्सिजन घातले की ६ क्लोरीन, कंडेन्स्ड कार्बनचंही तसंच. त्याला मध्यम रिफायनर लागतो, कारण छोट्या रिफायनरमध्ये एका वेळी एकच पदार्थ जातो.

पण तुमच्या कामाचं त्यात आहे! अँटिमॅटरला २५ क्रोमॅटिकसोबत २० कंडेन्स्ड कार्बनही लागतो. साध्या कार्बनपासून करायचा तर २ चं १ होतं. म्हणजे ४० कार्बन जाळा. त्यापेक्षा थोडा कंडेन्स्ड कार्बन बीज म्हणून बाजूला ठेवा आणि ऑक्सिजन घालून वाढवत राहा. मग वॉर्प सेलमध्ये अडकवणारी वस्तू एकच उरते, क्रोमॅटिक मेटल.

---

खाणकामगार

आणि रिफायनरसमोर पुतळा होऊन उभं राहायची गरज नाही. माल घाला, सुरू करा आणि पुढच्या ढिगाकडे जा. सूटमध्ये बसणारा वैयक्तिक रिफायनर मिळाला की चालता चालताच धातू गाळून होतो. फक्त पोर्टेबल रिफायनर ग्रहावर विसरू नका. माझे आकाशगंगेभर पसरलेत.

---

जुनाखोड

एक चोरवाट सांगून ठेवतो, मग मी निघालो. स्पेस अ‍ॅनॉमली (सगळ्या खेळाडूंचं सामाईक अंतराळस्थानक) भेटली की तिथल्या टेलिपोर्टरमधून इतर खेळाडूंच्या तळांवर जाता येतं. त्यातले पुष्कळ तळ निळ्या ताऱ्यांपाशी असतात. इंडियम ड्राईव्ह नसला तरी तुम्ही तिथे पायी पोचता. मग त्याच सिस्टिमच्या स्टेशनवर जा, तुमचं यान तिथे हजर होतं. दोन तास इंडियम खणा आणि परत या. उल्कापातची सगळी शिडी एका उडीत पार.

उल्कापातला हे आवडणार नाही, त्याला किल्ल्या आणि खोल्या आवडतात.

---

उल्कापात

आवडलं नाही असं नाही. पण पहिल्यांदा खेळणाऱ्याने हे करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. लाल तारा पहिल्यांदा उघडतो तो क्षण एकदाच येतो. दुसऱ्या सेव्हमध्ये खुशाल करा. मी आता तेच करणार आहे, कारण ६५० तांबं मी आयुष्यात दोनदा खणलंय आणि तिसऱ्यांदा खणणार नाही.

बाकी २०२५ च्या जानेवारीपासून जांभळे तारेही आलेत, त्यांना वेगळा अटलांटिड ड्राईव्ह लागतो. तो विषय निराळा, त्यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा.

---

चांदणचुरा

+१. काकांची चोरवाट मी दोन मित्रांना सांगितली होती. दोघेही आठवड्यात कंटाळून बाहेर पडले. सगळं मिळाल्यावर जायचं कुठे हेच कळेना त्यांना.

---

जुनाखोड

भापो (भावना पोचल्या).

---

नवशिका

रिपोर्ट देतो. सगळ्यात लहान आकार लावला, तिरकं भुयार पाडलं. एकाच ढिगातून आधीच्या तिन्हींपेक्षा जास्त तांबं निघालं! मध्ये वादळ आलं, आत बसून राहिलो. सेंटिनलही आले होते, घिरट्या घालून गेले. रात्री हायपरड्राईव्ह बसला. लगेच पुन्हा खाली उतरून ५०० तांबं खणलं, २५० क्रोमॅटिक तयार आहे. नकाशात एम अक्षराचा एक तारा हेरून ठेवलाय, अगदी जवळ आहे.

आता स्टेशनवर उभा आहे. वायरिंग लूम तीन हवेत आणि माझ्याकडे एकापुरतेच युनिट्स (खेळातले पैसे) आहेत.

---

चांदणचुरा

@नवशिका, जवळपास मीठ सापडतंय का बघा. २ मिठाचं १ क्लोरीन होतं, आणि ते ऑक्सिजन घालून कसं वाढवायचं ते वर सांगितलंय; वाढवा आणि विका. मध्यम रिफायनर नसेल तर हाक मारा, माझ्या तळावर दोन रिकामे पडलेत.

---

जुनाखोड

झाली कारखान्याची पायाभरणी.